अशिलासाठीं कोठवर?

वकिलाचा धंदा इतर धंद्यांहून एका बाबतींत निराळा आहे. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो, पण रोग्याच्या वतीनें बोलत नाहीं. शिक्षक शिष्याला शहाणा करतो, पण शिष्याच्या कृत्यांचा जबाब देण्यास उभा राहत नाहीं. वकील मात्र दुसऱ्याच्या जागीं उभा राहतो. वकालतनाम्यावर सही झाली म्हणजे एका माणसाचें दुःख, द्वेष, लबाडी आणि आशा ह्या सर्वांचें ओझें दुसऱ्या माणसाच्या शिरावर येऊन बसतें. सामान्य व्यवहारांत हें ओझें फार दिवस वाहावें लागत नाहीं. निकाल लागतो, फी चुकती होते, आणि दोघे आपापल्या वाटेनें जातात.

परंतु अशील असामान्य असेल, त्याच्या एका खटल्यामागें सबंध समाजाची फिर्याद उभी असेल, आणि वकीलही केवळ फीसाठीं नव्हे तर श्रद्धेनें उभा राहिला असेल, तर वकिली कोठें संपते आणि अनुयायित्व कोठें सुरू होतें? ह्या प्रश्नाची चर्चा कायद्याच्या पुस्तकांतून पुष्कळ झालेली आहे. पण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅलिफोर्निया संस्थानांत १९७० ते १९८० ह्या दहा वर्षांत एका स्त्री वकिलाच्या आयुष्यांत त्याची जी कसोटी लागली, ती कोणत्याही पुस्तकी चर्चेपेक्षां कठोर आहे. त्या बाईंचें नांव फे स्टेंडर, आणि त्यांच्या अशिलाचें नांव जॉर्ज जॅक्सन.

जॉर्ज जॅक्सन हा कृष्णवर्णी अमेरिकन. त्याचा जन्म १९४१ सालीं शिकागो शहरांत झाला. बाप पोस्टखात्यांत नोकरीला होता. घरांत पांच मुलें. पुढें हें कुटुंब लॉस एंजेलिसला गेलें. मुलगा अंगानें दणकट, बुद्धीनें तल्लख आणि स्वभावानें हूड निघाला. मिसरूड फुटण्यापूर्वींच त्याचें नांव पोलिसांच्या दप्तरीं चढलें, आणि सुधारगृहाची वारीही त्याला घडली. १९६० सालीं, वयाच्या अवघ्या १८ व्या वर्षीं, एका पेट्रोलपंपावर हत्याराचा धाक दाखवून ७० डॉलर लुटल्याच्या आरोपावरून त्याला पकडण्यांत आलें. त्यानें गुन्हा कबूल केला. कबुली दिल्यास थोडक्यांत सुटका होईल अशी आपल्याला आशा दाखविण्यांत आली होती, असें तो पुढें सांगत असे. प्रत्यक्षांत १९६१ सालीं जी शिक्षा झाली ती ‘एक वर्ष ते जन्मठेप’ अशी होती.

ही विलक्षण शिक्षा समजून घेतल्यावांचून पुढील कथा कळावयाची नाहीं. कॅलिफोर्नियांत १९१७ सालापासून अनिश्चित मुदतीच्या शिक्षेची पद्धत चालू होती. तिच्या मुळाशीं असलेली कल्पना वाईट नव्हती. गुन्हेगार हा एक प्रकारचा रोगी आहे. रोग किती दिवसांत बरा होईल हें न्यायाधीशाला आगाऊ कसें सांगतां येणार? तेव्हां कायद्यानें फक्त कमाल आणि किमान मर्यादा घालून द्यावी, आणि कैदी सुधारला असें दिसलें म्हणजे एका मंडळानें त्याला सोडावें, असा तो हिशेब होता. हें मंडळ कैद्याला वर्षांतून एकदां समोर बोलावी, कांहीं मिनिटें त्याचे कागद पाही, आणि सुटका देई किंवा पुढील वर्षाची तारीख देई. नम्र कैदी सुटत. ताठ मानेचे राहत. अशा रीतीनें दयेपोटीं जन्मलेली पद्धत प्रत्यक्षांत अधिकाऱ्यांच्या हातचा चाबूक बनली. ७० डॉलरच्या चोरीबद्दल जॅक्सन तुरुंगांत गेला तो कधींच बाहेर आला नाहीं. दहा वर्षांहून अधिक काळ तो आंत होता, आणि त्यांपैकीं सुमारें सात वर्षें एकांतवासाच्या कोठडींत.

त्या कोठडींत दोन गोष्टी एकदम घडत गेल्या. एक म्हणजे तो वाचूं लागला. मार्क्स, लेनिन, माओ आणि फ्रान्झ फॅनन ह्यांचे ग्रंथ त्यानें अधाशीपणानें वाचले, आणि स्वतःच्या दैवाचा अर्थ त्यांच्या चष्म्यांतून लावला. आपण चोर नसून एका वसाहतींतले युद्धकैदी आहों, असें त्याला वाटूं लागलें. दुसरी गोष्ट म्हणजे तुरुंगांतील मारामाऱ्यांत आणि वर्णद्वेषाच्या टोळीयुद्धांत तो मुरत गेला, कृष्णवर्णी कैद्यांची संघटना उभारण्यांत त्यानें पुढाकार घेतला, आणि त्याच्या नांवापुढें शिस्तभंगाच्या नोंदींची रांग लागली. पुढें ब्लॅक पँथर पक्षानें त्याला ‘फील्ड मार्शल’ ही पदवी दिली. विचारवंत आणि लढवय्या हीं दोन्हीं रूपें त्याच्या ठायीं खरीं होतीं. त्यांपैकीं एकच खरें मानण्याची चूक त्याच्या शत्रूंनींही केली आणि मित्रांनींही.

१९७० च्या जानेवारीत तो सोलेदाद येथील तुरुंगांत होता. सोलेदाद ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ एकांत असा आहे. १३ जानेवारी रोजीं तेथील कडक बंदोबस्ताच्या विभागांतील गोऱ्या व काळ्या कैद्यांना एकाच वेळीं व्यायामाच्या आवारांत सोडण्यांत आलें. त्यांच्यांतील वैर सर्वांना ठाऊक होतें. हातघाई सुरू होतांच मनोऱ्यावरील गोऱ्या पहारेकऱ्यानें गोळ्या झाडल्या. डब्ल्यू. एल. नोलन, क्लीव्हलंड एडवर्ड्स आणि ॲल्विन मिलर हे तीन कृष्णवर्णी कैदी प्राणास मुकले. ह्यांपैकीं नोलन हा जॅक्सनचा मित्र आणि राजकारणांतला गुरु होता. तीन दिवसांनीं चौकशीच्या ज्यूरीनें हा गोळीबार समर्थनीय ठरविला, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं दुसऱ्या विभागांतील जॉन मिल्स नांवाचा तरुण पहारेकरी मरणोन्मुख अवस्थेंत सांपडला. त्याला मारहाण करून वरच्या मजल्यावरून खालीं फेकून देण्यांत आलें होतें. मिल्सनें तो गोळीबार केला नव्हता. त्याचा अपराध एवढाच कीं त्याच्या अंगावर तोच गणवेष होता.

ह्या खुनाबद्दल जॉर्ज जॅक्सन, फ्लीटा ड्रमगो आणि जॉन क्लचेट ह्या तिघांवर आरोप ठेवण्यांत आला. ‘सोलेदादचे बंधु’ म्हणून जगाला माहीत झालेले ते हेच तिघे. येथें कायद्याची एक क्रूर गांठ होती. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या ४५०० व्या कलमान्वयें जन्मठेपेच्या कैद्यानें कैदी नसलेल्या माणसावर प्राणघातक हल्ला केला आणि तो माणूस मेला, तर फांशी अनिवार्य होती. न्यायाधीशाला दयेचा अधिकारच नव्हता. आणि ‘एक वर्ष ते जन्मठेप’ ही शिक्षा कायद्याच्या दृष्टीनें जन्मठेपच! म्हणजे ज्या ७० डॉलरच्या चोरीबद्दल जॅक्सन एका वर्षांत सुटूं शकला असता, तीच चोरी आतां त्याला फांसाच्या दोरापाशीं घेऊन आली होती. असा हा खटला फे स्टेंडर ह्यांनीं हातीं घेतला.

स्टेंडरबाईंचा जन्म १९३२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें एका ज्यू कुटुंबांत झाला होता. लहानपणीं त्या पियानो फार उत्तम वाजवीत. किशोरवयांतच तेथील सिंफनी वाद्यवृंदाबरोबर त्यांचें वादन झालें होतें. त्यांनीं वादनांतच नांव काढावें अशी घरच्यांची इच्छा होती. बाईंनीं ती वाट सोडली आणि शिकागो विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. त्या काळीं कायद्याच्या वर्गांत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच असत, आणि पदवी मिळाली तरी मोठ्या कचेरींत जागा मिळणें कठीण असे. पतीही वकील, दोन मुलांचा संसार. चार्ल्स गॅरी ह्या डाव्या मताच्या नामांकित फौजदारी वकिलाच्या कचेरींत त्या काम करूं लागल्या. ज्यूरीपुढें बोलण्याचा मान गॅरींचा. रात्री जागून अर्ज आणि कैफियती लिहिण्याचें काम बाईंचें, अशी तेथील वांटणी होती.

ह्या कामाचें चीज ह्यूई न्यूटनच्या खटल्यांत झालें. न्यूटन हा ब्लॅक पँथर पक्षाचा एक संस्थापक. १९६७ च्या ऑक्टोबरांत ओकलंड येथें झालेल्या चकमकींत एक पोलिस ठार झाला आणि न्यूटनच्या पोटांत गोळी लागली. पुढील वर्षीं ज्यूरीनें त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें. बाईंनीं अपिलाचे कागद तयार केले, आणि १९७० च्या मे महिन्यांत वरिष्ठ कोर्टानें ती शिक्षा रद्द केली. शुद्ध हरपलेल्या स्थितींत घडलेल्या कृत्याबद्दल मनुष्य दोषी ठरत नाहीं, हा बचाव न्यायाधीशानें ज्यूरीला समजावून सांगितला नव्हता, हें त्याचें प्रमुख कारण होतें. वक्तृत्वानें जें साधलें नव्हतें तें चिकाटीच्या अभ्यासानें साधलें.

जॅक्सनच्या खटल्यांत मात्र बाईंनीं कागदांबरोबर लोकमतालाही हात घातला. बंद भिंतीआड चालणाऱ्या खटल्यांत कैदी हरतो. त्याच्याकडे लोकांचें लक्ष असेल तरच त्याला न्याय मिळण्याचा संभव असतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. आरोपींना साखळदंडांत जखडून कोर्टांत आणीत. त्याविरुद्ध त्यांनीं आवाज उठविला. खटला सोलेदादजवळच्या सॅलिनास गांवांतून सॅन फ्रान्सिस्कोला हलविण्यांत आला. बचावासाठीं समिती स्थापन झाली. त्या वेळीं आपल्या मतांमुळें विद्यापीठांतील अध्यापकाची जागा गमावण्याच्या पंथास लागलेल्या अँजेला डेव्हिस ह्या विदुषी तिच्या कार्यांत सामील झाल्या. बाई स्वतः वारंवार तुरुंगांत जात, तासन् तास कैद्यांचीं गाऱ्हाणीं ऐकत, आणि तीं शब्दशः टिपून घेत. आजवर ज्यांना फक्त नंबरानें हांक मारण्यांत येई, त्यांना प्रथमच कोणी तरी नांवानें ओळखूं लागलें होतें.

आणि ह्याच कामांत त्यांच्या हातीं जॅक्सनचीं पत्रें आलीं. १९६४ पासून त्यानें आईला, बापाला आणि धाकट्या भावाला लिहिलेलीं ती पत्रें होतीं. त्यांत संताप होता, उपहास होता, बापाशीं कडाक्याचे वाद होते, आणि कोंडलेल्या माणसाची ज्ञानाची भूक होती. बाईंनीं तीं मिळविलीं, निवडलीं, आणि १९७० च्या ऑक्टोबरांत ‘सोलेदाद ब्रदर’ ह्या नांवानें तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. प्रस्तावना झाँ जने ह्या फ्रेंच साहित्यिकाची. तोही एके काळीं तुरुंगांत राहिलेला. पुस्तक भराभर खपलें, परभाषांत गेलें, आणि एका अनोळखी कैद्याचें नांव युरोप-अमेरिकेच्या सुशिक्षित घरांतून ऐकूं येऊं लागलें.

वकिलाच्या दृष्टीनें ही फार मोठी कामगिरी होती. पण ह्याच जागीं एक सूक्ष्म धोका होता. खटला जिंकण्यासाठीं वकील आपल्या अशिलाची जी बाजू पुढें मांडतो ती खोटी नसते. मात्र ती संपूर्णही नसते. कोर्टांत ह्याचें कोणाला वावगें वाटत नाहीं, कारण समोर विरुद्ध पक्षाचा वकील दुसरी बाजू मांडण्यास बसलेला असतो. पुस्तकाच्या वाचकापुढें तसा कोणी बसलेला नसतो. पत्रांच्या निवडींत जॅक्सनच्या सूडबुद्धीचा तीव्र भाग मागें ठेवण्यांत आला, असें पुढील काळांतील लेखकांनीं म्हटलें आहे. वाचकांना भेटला तो छळ सोसलेला विचारवंत. तुरुंगांतील त्याच्या अनुयायांना ठाऊक होता तो सेनापति. ह्या दोहोंमधील अंतर फक्त त्याच्या वकिलालाच दिसत होतें. आणि वकिलाच्या धर्मानें तें उघड बोलण्याची त्यांना मोकळीक नव्हती.

पुस्तक छापून होण्यापूर्वींच पहिला आघात झाला. ७ ऑगस्ट १९७० रोजीं जॉर्जचा धाकटा भाऊ जोनाथन हा मरिन जिल्ह्याच्या कोर्टांत शिरला. त्याचें वय १७ वर्षांचें होतें. त्या वेळीं तेथें एका कैद्याचा खटला चालू होता. जोनाथननें जवळच्या पिशवींतून बंदुका काढल्या, तीन कैद्यांना हातांशीं घेतलें, आणि न्यायाधीश हॅरोल्ड हॅले, सरकारी वकील आणि ज्यूरीतील तीन स्त्रिया ह्यांना ओलीस धरून मोटारींत घातलें. आवारांतच गोळीबार झाला. न्यायाधीश हॅले, जोनाथन आणि दोन कैदी ठार झाले. सरकारी वकिलाचे पाय कायमचे लुळे पडले. बंदुका अँजेला डेव्हिस ह्यांच्या नांवानें नोंदलेल्या असल्यामुळें त्यांच्यावर खटला झाला. १९७२ च्या जूनमध्यें त्या निर्दोष सुटल्या.

जोनाथनच्या मृत्यूनंतर जॉर्ज जॅक्सन पूर्वींचा राहिला नाहीं. पुस्तक त्यानें भावाच्या स्मृतीला अर्पण केलें. कोर्टांत आपल्याला न्याय मिळेल ह्यावर त्याचा विश्वास पूर्वींही थोडाच होता. आतां तो उरला नाहीं. स्टेंडरबाईंचा सर्व खटाटोप मात्र त्याच विश्वासावर उभा होता. ज्यूरीपुढें पुरावा यावा, साक्षीदारांची उलटतपासणी व्हावी, सरकारनें सांगितलेली हकीकत फाडून काढावी, आणि तीन माणसें फांशीच्या दारांतून परत आणावीं, हा त्यांचा मार्ग. जॅक्सनचा मार्ग दुसरा होता. पुस्तकाच्या उत्पन्नावरून हा भेद उघड झाला. बाईंना तो पैसा बचावाच्या खर्चासाठीं आणि कैद्यांच्या कायदेशीर साहाय्यासाठीं हवा होता. जॅक्सनला तो क्रांतीच्या तयारीसाठीं हवा होता. त्यापुढें जाऊन हत्यारें आंत आणून देण्याविषयींही त्यांच्याकडे मागणी झाली आणि त्यांनीं ती साफ नाकारली, असें त्यांच्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. १९७१ च्या आरंभीं त्या ह्या खटल्यांतून बाहेर पडल्या, आणि जॉन थॉर्न ह्या वकिलांनीं जॅक्सनचें काम चालविलें.

ह्या निर्णयाची किंमत बाहेरून पाहणाऱ्याला सहज कळणार नाहीं. वर्षभर ज्या माणसाचा जीव वाचविण्यासाठीं त्यांनीं स्वतःची झोप, संसार आणि धंदा पणाला लावला होता, त्याच माणसाच्या दृष्टीनें त्या आतां भित्र्या ठरल्या. चळवळींत त्यांच्याविषयीं कुजबूज सुरू झाली. पण वकिलानें अशिलाचें रक्षण करावें म्हणजे कायद्याच्या सर्व शस्त्रांनीं करावें, लोखंडाच्या शस्त्रांनीं नव्हे, ही रेषा त्यांनीं ओलांडली नाहीं. क्रांतीविषयींची सहानुभूति त्यांनीं कधीं लपविली नव्हती. म्हणूनच ह्या नकाराचें वजन अधिक आहे. ज्याला अशिलाविषयीं कांहींच वाटत नाहीं त्यानें नकार देणें सोपें. ज्याला सर्व कांहीं वाटतें त्यानें देणें अवघड.

२१ ऑगस्ट १९७१ रोजीं, खटला उभा राहण्यास अवघे थोडे दिवस उरले असतां, सॅन क्वेंटिन तुरुंगांत भयंकर प्रकार घडला. स्टीफन बिंगम ह्या तरुण वकिलाची भेट संपवून परत जातांना जॅक्सनजवळ पिस्तुल असल्याचें उघडकीस आलें, असें सरकारचें म्हणणें होतें. त्यानंतरच्या अर्ध्याअधिक तासांत तीन पहारेकरी आणि दोन कैदी मारले गेले, आणि आवारांतून धावत असतांना जॉर्ज जॅक्सन गोळीला बळी पडला. त्याचें वय २९ होतें. पिस्तुल आंत कसें आलें ह्याबद्दल आजतागायत वाद आहे. बिंगम देशाबाहेर परागंदा झाले. तेरा वर्षांनीं, १९८४ सालीं ते आपण होऊन परत आले, आणि १९८६ सालीं ज्यूरीनें त्यांना निर्दोष सोडलें. बॉब डिलन ह्या गायकानें त्याच वर्षीं, १९७१ मध्यें, जॅक्सनवर गीत केलें. देशाच्या दुसऱ्या टोंकाला, न्यूयॉर्क संस्थानांतील ॲटिका तुरुंगांत, दुसऱ्या दिवशीं कैद्यांनीं न बोलतां, न जेवतां शोक पाळला. कांहीं आठवड्यांतच, तेथील दीर्घकाळच्या गाऱ्हाण्यांचा भडका उडून मोठें बंड झालें, आणि तें मोडून काढीपर्यंत ४३ माणसें मेलीं.

आणि मिल्सच्या खुनाचा मूळ खटला? तो ड्रमगो आणि क्लचेट ह्या उरलेल्या दोघांवर चालला. १९७२ च्या मार्चमध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीनें दोघांनाही निर्दोष ठरविलें. ज्या मार्गावर जॅक्सनचा विश्वास नव्हता त्याच मार्गानें त्याचे सोबती फांसापासून परत आले. तो स्वतः जिवंत असता तर सुटला असता कीं नाहीं, हें कोणीच सांगूं शकणार नाहीं. त्याच्याविरुद्धचा पुरावा ज्यूरीपुढें कधीं तोललाच गेला नाहीं. जॉन मिल्सचा खून कोणी केला, ह्या प्रश्नालाही कोर्टाकडून उत्तर मिळालें नाहीं.

स्टेंडरबाईंनीं तुरुंगाचें काम लगेच सोडलें नाहीं. तरुण वकिलांना घेऊन त्या कैद्यांच्या हक्कांसाठीं झगडत राहिल्या. अनेक तुरुंगांतून त्यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडे. पुढें पैसा आटला, सहकारी थकले, आणि १९७३ च्या सुमारास तें कार्य बंद पडलें. मग त्या स्त्रियांच्या हक्कांकडे वळल्या. मुलांच्या ताब्यासाठीं झगडणाऱ्या मातांचे खटले त्यांनीं चालविले. दरम्यान ज्या शिक्षेनें जॅक्सनला गिळलें ती शिक्षाच नाहींशी होण्याची वेळ आली. १९७६ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें निश्चित मुदतीच्या शिक्षेचा कायदा केला आणि १९७७ च्या जुलैपासून तो अमलांत आला. बहुतेक गुन्ह्यांपुरती ‘एक वर्ष ते जन्मठेप’ ही अधांतरीं शिक्षा इतिहासजमा झाली. पुढें निश्चित मुदतीही लांबत गेल्या आणि तुरुंग अधिकच भरले, हा भाग वेगळा; पण आपली सुटका कधीं होईल हें कैद्याला कळलें पाहिजे, हें तत्त्व मान्य झालें. त्या मतपरिवर्तनांत बाईंनीं प्रकाशांत आणलेल्या पत्रांचा वाटा लहान नव्हता.

कथा येथें संपती तर तिचा शेवट गोड म्हणतां आला असता. २८ मे १९७९ रोजीं पहांटेपूर्वीं बर्कले येथील त्यांच्या घरीं एक माणूस पिस्तुल घेऊन शिरला. तो नुकताच तुरुंगांतून सुटलेला होता. आपण जॉर्ज जॅक्सनचा आणि कैद्यांच्या चळवळीचा विश्वासघात केला, असें त्यानें बाईंकडून जबरदस्तीनें कागदावर लिहवून घेतलें. मग त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्राण वाचले, पण कमरेखालचें शरीर कायमचें लुळें पडलें आणि वेदना कधींच थांबल्या नाहींत.

ह्यानंतर जें झालें तें ह्या कथेंतील सर्वांत मोठें धैर्य म्हणावें लागेल. ज्या बाईंनीं आयुष्यभर आरोपीच्या बाजूनें उभें राहून सरकारी साक्षीदारांची उलटतपासणी योजिली होती, त्या आतां चाकांच्या खुर्चीत बसून, पोलिसांच्या पहाऱ्यांत, सरकारतर्फे साक्ष देण्यास कोर्टांत आल्या. १९८० च्या आरंभीं हा खटला ओकलंड येथें झाला. त्यांनीं हल्लेखोराला ओळखलें, आणि बचावपक्षाच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. तो वकील त्यांच्याशीं तसाच वागला जसा वकिलानें वागावयास पाहिजे. तो हक्क आरोपीला आहे, हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक होतें? आरोपीला शिक्षा झाली. त्यानंतर भीतीमुळें त्या मायदेश सोडून हाँगकाँगला गेल्या, आणि १९ मे १९८० रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, त्यांनीं स्वतःच आपल्या आयुष्याचा शेवट केला.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन निकाल फार घाईनें देण्यांत आले. एक निकाल असा कीं, ह्या भोळ्या बाईनें वाघाला दूध पाजलें आणि वाघानें तिला खाल्लें. दुसरा असा कीं, त्यांनीं अर्ध्या वाटेवर साथ सोडली. दोन्हीं निकालांत सोय आहे, पण न्याय नाहीं. पहिला निकाल देणारे विसरतात कीं ७० डॉलरसाठीं जन्म कुजविणारी शिक्षा आणि दयेला जागाच न ठेवणारें कलम हीं बाईंच्या कल्पनेंतलीं नव्हतीं. तीं कायद्याच्या पुस्तकांत छापलेलीं होतीं, आणि कोणी तरी तीं मोठ्यानें वाचून दाखविणें जरूर होतें. दुसरा निकाल देणारे विसरतात कीं वकिलानें जी साथ द्यावयाची असते ती कोर्टाच्या उंबऱ्यापर्यंतच; त्यापलीकडे साथ मागणाऱ्याला वकील नको असतो, साथीदार हवा असतो.

निवृत्त न्यायाधीश लीझ पर्लमन ह्यांनीं २०१८ सालीं स्टेंडरबाईंचें सविस्तर चरित्र प्रसिद्ध केलें. न्यायासनावर बसलेल्या स्त्रीला बचावाच्या बाजूनें झगडलेल्या स्त्रीचें चरित्र लिहावेंसें वाटलें, ही गोष्ट बोलकी आहे. कारण बाईंच्या आयुष्यांतला प्रश्न एकट्या बचावाच्या वकिलाचा नाहीं. आरोपीला जवळून पाहिल्यावांचून त्याची बाजू कोणाला कळत नाहीं. आणि फार जवळ गेलें म्हणजे त्याची दुसरी बाजू दिसेनाशी होते. दूर राहणाऱ्या वकिलाला धोका नसतो, पण त्याच्या अशिलाला असतो. फे स्टेंडर जवळ गेल्या, पुष्कळांपेक्षां अधिक जवळ गेल्या. आणि थांबावयाचें तेथें थांबल्याही. जवळ जाण्याबद्दल त्यांना कांहींनीं दोष दिला आणि थांबण्याबद्दल एकानें गोळ्या घातल्या. अशिलासाठीं कोठवर जावें, ह्या प्रश्नाला त्यांनीं दिलेलें उत्तर मात्र स्पष्ट होतें : फांशीच्या दारापर्यंत त्याला आणावयास जावें, पण हत्यार घेऊन जाऊं नये.